तारा निवडताना
(मंडळाच्या गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात वादनानंतर केलेले छोटेखानी भाषण)



मघाशी दोघातिघांनी विचारले, "मुलांना हवाईयन गिटार शिकवायची आहे, तारा कुठल्या घ्यायच्या?" उत्तराआधी माझी चूक सांगतो.

आपल्या कोलकात्यात हे वाद्य चांगलेच रुजले. १९४० च्या दशकात हवाईचे वादक ताऊ मो इथे राहिले होते. पुढे सुनील गांगुलींची गिटार घराघरांत ऐकू येऊ लागली. माझे वडीलही बदलीवर इथे आल्यावर शेजाऱ्यांकडून शिकले. ते गेल्यावर मी त्यांची गिटार माळ्यावरून काढली, बाजारातल्या सर्वांत जाड तारा चढवल्या आणि 'ए' मेजरमध्ये सूर लावला. आठवड्यात ब्रिज उखडला!

माझा विचार निम्मा बरोबर होता. या गिटारीत बोटाने तार दाबायची नसते, वरून स्टीलचा बार फिरवायचा असतो. बारीक तार बारच्या वजनाने दबते, झणझणते. म्हणून तार जरा जाड हवी. पण पाकिटातल्या तारा साध्या गिटारीच्या सुरांसाठी असतात. 'ए' मेजरच्या प्रचलित पद्धतीत (ई, ए, ई, ए, सी शार्प, ई) दुसरी, तिसरी आणि चौथी तार एकेक पूर्ण स्वर वर चढते. तेवढ्याने त्या तारेवरचा ताण सुमारे सव्वापट होतो. जुन्या लाकडाला तो कसा सोसावा?

म्हणून आधी सूर ठरवा, मग तार घ्या. तारेची जाडी इंचाच्या हजारांशात मोजतात. दुसरी तार १६ ची असेल तर पूर्ण स्वर चढवण्यासाठी १४ ची घ्या, ताण जवळपास तोच राहतो. तिसरी आणि चौथीही त्याच हिशेबाने बारीक घ्या. तारा सुट्या मिळतात, सहाचे पाकीटच घ्यायला हवे असे नाही.

आणखी दोन गोष्टी. इलेक्ट्रिक गिटारीला ब्राँझ गुंडाळलेल्या तारा लावू नका. पिकअप चुंबकाचा असल्याने त्यांचा आवाज क्षीण येतो. निकेल किंवा स्टीलच्या घ्या. मींड घेताना जाड तारांची खरखर नको असेल तर चपट्या गुंडाळीच्या तारा मागा.

ब्रिज पुन्हा चिकटवून घेतला. आज आपण ऐकलीत ती बाबांचीच गिटार. आपल्याही घरी असे एखादे वाद्य पडून असेल, तर जरूर काढा. पण खुंटी पिळण्याआधी कुणा जाणकाराला विचारा.

गणपती बाप्पा मोरया!