दया त्यांची, खर्च कोणाचा?



जनावरांची कणव फक्त शहरातल्यांनाच असते असे नाही. इंग्लंडमध्ये १९६७ साली 'कम्पॅशन इन वर्ल्ड फार्मिंग' ही संस्था काढली ती पीटर रॉबर्ट्स या दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याने. मांसासाठी पाळलेली वासरे अंग वळवता येणार नाही अशा अरुंद कप्प्यात कोंडत. ते त्याला बघवेना.

अशी वासरे पाळणाऱ्या एका मठावर त्याने १९८४ साली खटला भरला. खटला हरला, पण बोभाटा झाला. लोक सरकारला जाब विचारू लागले. १९९० साली कप्प्यांवर बंदी आली.

१९९९ साली ब्रिटनने गाभण डुकरिणींचे कप्पेही बंद केले. तिथल्या शेतकऱ्याने गोठे बदलले, खर्च सोसला. युरोपातल्या बऱ्याच देशांत मात्र कप्पे चालूच. तिथले स्वस्त मांस ब्रिटनच्या बाजारात येत राहिले. सगळ्या युरोपीय संघात बंदी आली २०१३ साली, तीही अर्धवट. दया समाजाची, बिल शेतकऱ्याचे!

आपल्याकडे २०१५ साली बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. कपाशी बुडाली की थकला बैल विकून बी-भरण भागायचे. तो आधार गेला. त्याला कडबा कोणी घालायचा?

दयेला आपला विरोध नाही. आजारी बैलापाशी रात्रभर जागतो तो आपणच. पण रॉबर्ट्सकडून एक शिका : कोर्टात हरलो तरी लोकांपुढे मांडत राहायचे. दावणीच्या थकल्या बैलाचा वर्षाचा खर्च प्रत्येकाने लिहून आणा. तो हिशेब घेऊन आमदाराच्या दारात जाऊ.