औषधाला मूत्रपिंडाचा पत्ता



आपल्या घरोघरी मधुमेहाची चर्चा होते ती साखरेच्या आकड्यांची. मूत्रपिंडाचा विषय निघतो तो बहुधा पायांवर सूज आल्यावर, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहिलेला नाही.

आपल्या दोन मूत्रपिंडांत मिळून सुमारे २० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्या सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातील वाढती साखर वर्षानुवर्षे याच गाळण्या झिजवीत असते. आपण घेतलेली गोळी मात्र शरीरभर पसरते; रोगग्रस्त भागाच्या वाट्याला तिचा अल्प अंश येतो. म्हणूनच संशोधक नॅनोकणांकडे वळले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतक्या सूक्ष्म कणांत औषध भरून ते नेमक्या पेशींपर्यंत न्यावे, ही त्यामागील कल्पना.

येथे सारे महत्त्व आकाराला आहे. सुमारे ६ नॅनोमीटरहून लहान कण लघवीवाटे निघून जातात. अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या संशोधकांनी २०११ साली उंदरांवर दाखवून दिले की, सुमारे ७५ नॅनोमीटरचे सोन्याचे कण गाळणीला आधार देणाऱ्या पेशींत जमा होतात. मधुमेहात बिघाड होतो तो याही पेशींत. २०१५ साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातील गटाने सुमारे ४०० नॅनोमीटरचे कण उंदरांच्या मूत्रनलिकांपर्यंत पोहोचविले.

कर्करोगावरील नॅनोकणयुक्त औषधाला अमेरिकेत १९९५ सालीच मान्यता मिळाली. मधुमेही मूत्रपिंडविकारासाठी मात्र असे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. बहुतेक कण यकृत व प्लीहा वाटेतच गिळून टाकतात. शिवाय जन्मभर घ्यावयाचे औषध दीर्घकाळ निर्धोक ठरावे लागते. म्हणून ‘नॅनो’ शब्द छापून मूत्रपिंड बरे करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

संशोधन आपल्या गतीने चालेल. आपण मात्र त्याची वाट पाहत बसता कामा नये. लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावयास हवी. अल्ब्युमिनचे प्रमाण क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर सतत राहिले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. रक्तदाबावरील विशिष्ट औषधे मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात, हे १९९३ सालीच सिद्ध झाले. डापाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधेही तेच कार्य करतात. आपल्याकडे त्याचे मूळ एकस्व २०२० साली संपले आणि ते स्वस्त झाले. कोणते औषध कोणाला योग्य, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

भविष्यातील औषध मूत्रपिंडाचा पत्ता शोधीत येईल, तेव्हा तेथे वाचविण्याजोगे काही उरलेले असावे. म्हणून आज घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा : लघवीची तपासणी शेवटची कधी केली होती?