सौर बंब आणि त्याची कागदपत्रे



वाई, कराड, मिरज या बाजूच्या जुन्या घरांत न्हाणीजवळ तांब्याचा बंब असे. तो गळू लागला की तांबट त्यास डाग देई आणि बंब पुन्हा कामास लागे. त्या व्यवहारात कागद नव्हता. तांबट ओळखीचा होता, एवढी हमी पुरेशी होती. आता गच्चीवर सौर बंब आला. लोकांनी नाव जुनेच ठेवले, व्यवहार मात्र पार बदलला. टाकी एका कारखान्याची, काचेच्या नळ्या दुसऱ्याच्या, विक्रेता सांगलीचा आणि जोडणी करणारा कारागीर तिसऱ्याच गावचा. तिसऱ्या वर्षी टाकी गळू लागली म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. अशा वेळी घरमालकाची बाजू मांडतात ते कागदच.

पहिला कागद पक्क्या बिलाचा. त्यावर तारीख, बंबाची लिटरमधील क्षमता आणि टाकीचा अनुक्रमांक असावा. टाकीवरील पट्टीशी तो क्रमांक पैसे देण्यापूर्वीच ताडून पाहावा, कारण उन्हापावसात ती पट्टी पुसट होते. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. यंत्रातून निघणारी गुळगुळीत कागदावरची बिलेही काही महिन्यांत पुसट होतात. त्यांची छायाप्रत लगेच काढावी. जपण्याच्या हौसेने अशा बिलावर उष्णतेने प्लॅस्टिक चढविले, तर ते काळे पडते!

हमीपत्र विक्रेत्याकडून भरून, सही-शिक्क्यासह घ्यावे. कोरे हमीपत्र पुढे वादाचे कारण होते. टाकीची मुदत वेगळी आणि नळ्यांची वेगळी असू शकते. त्यातील बारीक अक्षरांतली एक अट दुष्काळी भागाने विशेष पाहावी. पाण्यातील क्षारांमुळे झालेली खराबी पुष्कळदा हमीतून वगळलेली असते. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या घरांना ही अट नेमकी भोवते. म्हणून बंब घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी, अहवाल विक्रेत्यास दाखवावा आणि त्याची प्रत बिलासोबत ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते.

पाटण-महाबळेश्वरकडे पावसाळ्यात सूर्यदर्शन दुर्लभ, म्हणून टाकीत विजेची कांडी बसवितात. येथे प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर अर्थिंग सदोष असेल, तर जिवावर बेतते. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. त्याचा परवाना क्रमांक असलेली पावती आणि अर्थिंग तपासल्याची लेखी नोंद ठेवावी.

तक्रारीची वेळ आलीच, तर हा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आल्यामुळे ग्राहकास आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. कारखाना परराज्यात असला तरी साताऱ्याच्या ग्राहकास तेथवर जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र लक्षात ठेवावी. म्हणून दुरुस्तीस आलेल्या माणसाकडून प्रत्येक वेळी तारखेची चिठ्ठी घ्यावी. दूरध्वनीवरील तोंडी आश्वासने मुदत संपल्यावर कोण मानणार?

कागद ठेवावे कोठे, हाही प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या अनेक घरांत पाणी शिरले. तळमजल्यावरील कपाट अशा वेळी उपयोगाचे नाही. मूळ प्रती वरच्या मजल्यावर जलरोधक पिशवीत ठेवाव्यात आणि छायाचित्रे परगावच्या नातलगाकडेही पाठवावीत.

शाळा, वसतिगृहे आणि ग्रामपंचायतींची अडचण निराळीच असते. बंब जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतो, परंतु हमीपत्र एखाद्या खणात पडून राहते आणि मुख्याध्यापकांची किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली झाल्यावर तो खण कोणी उघडत नाही. मग वसतिगृहातील मुली ऐन थंडीत गार पाण्याने स्नान करतात आणि हमीची मुदत संपून जाते. याकरिता नोंदवहीतील बंबाच्या नोंदीपुढेच टाकीचा अनुक्रमांक, हमी संपण्याची तारीख आणि कागदपत्रे कोणत्या फाईलमध्ये आहेत हे लिहावे. कार्यभार सोपविताना ती फाईल उघडून दाखवावी आणि घेणाऱ्याची सही घ्यावी.