पाण्यावर उताणं

आमच्या गडमुडशिंगीत पोरं पोहायला शिकायची ती उसाच्या शिवारातल्या विहिरीत, कमरेला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. हातपाय मारायला मी आठवड्यात शिकलो. उताणं तरंगायला मात्र अख्खा उन्हाळा गेला. "मान सोड की लेका," पाठीखाली तळहात धरून वडील ओरडायचे. मान काही सुटायची नाही. भीती सगळी मानेतच असते.

परवा मुलगा पुण्याहून आला. नोकरीच्या ताणानं झोप उडालेली. पैसे मोजून मिठाच्या हौदात तरंगलो, म्हणाला. मला हसू आलं. मग वाचलं. बाहेरचं काहीच जाणवलं नाही तर मेंदू झोपतो का, हे पाहायला १९५४ साली अमेरिकेत जॉन लिली यांनी असा अंधारा, निःशब्द हौद केला. आजच्या हौदात पाणी वीत-दीड वीतच, पण त्यात शेकडो किलो एप्सम मीठ. पाणी कातडीइतकं कोमट, ३५ अंशांच्या आसपास. अंग कुठं संपलं नि पाणी कुठं सुरू झालं, कळत नाही. मानेलाही काम उरत नाही. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात चिंतेनं ग्रासलेले ५० जण तासभर तरंगले. त्यांची अस्वस्थता उतरली. अर्थात ही एका बैठकीची गोष्ट. डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नकोस, हे मी मुलाला बजावलंच.

विहिरीत मीठ नाही. तिथं छातीतला श्वास तारतो. रविवारी दोघं उतरलो. कितीतरी वर्षांनी त्याच्या पाठीखाली हात धरला. मान दगडासारखी. बऱ्याच वेळानं ती सैल पडली, तसा हात हळूच काढून घेतला. त्याला कळलंही नाही.