पाच सेकंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एका रविवारी रात्री आमच्या जालन्याच्या घरात मोठा गहजब झाला. नातू आंघोळ करून बनियन घालत होता आणि त्याच्या नानीची नजर त्याच्या बरगड्यांवर गेली. दोन्ही बाजूंना निळे-काळे डाग. नानीला वाटलं, पोराला कुणीतरी मारलं. "किसने मारा?" तिनं विचारलं. पोरगा तेरा वर्षांचा. शांतपणे म्हणाला, "सीट ने."

सीटनं मारलं म्हणजे काय, हे नानीला समजावून सांगायला मला दोन दिवस लागले, कारण आधी ते मलाच समजून घ्यायचं होतं. मी कविता लिहिणारा माणूस. सायकलची चेन पडली तर सायकल हातात धरून चालत घरी येतो. पण माझा जावई मेकॅनिक आहे. तो माझ्या बहिणीचा मुलगाही आहे, म्हणून मला अजून मामूच म्हणतो. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या नातवाला, कार्ट शर्यतीचा नाद लागला. की नाद बापाला लागला आणि चाकावर पोराला बसवलं? हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

कार्ट म्हणजे चार छोटी चाकं, लोखंडी नळ्यांची चौकट, एक सीट आणि बाजूला इंजिन. वर छप्पर नाही, अंगाला पट्टा नाही. मोटारीला असतात तसे स्प्रिंग नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर नाहीत. जमिनीपासून चार बोटांवर बसायचं. रस्त्याचा प्रत्येक खडा हाडांना कळतो, आणि वळणावर सगळं अंग सीटच्या कडेवर दाबलं जातं. म्हणून बरगड्या काळ्यानिळ्या होतात. पोरं छातीभोवती एक कवच बांधतात, तरीही होतात.

यातली एक गंमत मला फार आवडली. आपल्या बैलगाडीची दोन चाकं आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी, आणि गाडी सुखानं वळते. कार्टची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच दांडीला घट्ट आवळलेली असतात. दोघांना सारखंच फिरावं लागतं. मग वळायचं कसं? तर आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. त्यासाठी चौकटच थोडी पिळवटते. चालकाला ब्रेक, स्टिअरिंग आणि स्वतःच्या अंगाचं वजन यांचा असा मेळ साधावा लागतो, की चाक उचललं जाईल, पण जास्त वेळ अधांतरी राहणार नाही. तेरा वर्षांचं पोरगं हे सेकंदाच्या लहानशा तुकड्यात करतं. दोनच पेडल, डाव्या पायाखाली ब्रेक, उजव्या पायाखाली वेग.

हा खेळ जन्माला आला १९५६ साली, अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. आर्ट इंगल्स नावाचा एक कारागीर रेसच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. त्यानं नळ्या जोडून, गवत कापायच्या यंत्राचं जास्तीचं इंजिन लावून पहिली कार्ट केली. ही हकीकत मी जावयाला सांगितली तेव्हा तो इतका खूश झाला की विचारू नका. आमचं जालना भंगार वितळवून सळया करणारं गाव. इथं लोखंडाचा तुकडा वाया जात नाही. नातू आठ वर्षांचा असताना त्यानंही भंगारातल्या नळ्या आणि जुन्या स्कूटरचं इंजिन जोडून एक गाडी केली होती. गावाबाहेर प्लॉटिंग झालेलं, पण घरं न झालेलं एक मैदान होतं, तिथल्या आखीव डांबरी गल्ल्यांतून पोरगा ती फिरवायचा. मी आणि दोन-तीन शेळ्या, एवढेच प्रेक्षक. तो काळ फार छान होता.

मग पुण्याला जाऊन भाड्याच्या कार्ट झाल्या, तिथं कुणीतरी "पोराचा हात चांगला आहे" म्हटलं, आणि जुनी का होईना, खरी कार्ट घरात आली. साडेतीन लाख रुपये. त्यातले किती उसने, हे माझ्या मुलीनं मला अजून सांगितलेलं नाही. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचं लायसन काढलं. इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं, सव्वाशे सीसीचं. ज्युनिअर गटात ते तेवीस अश्वशक्ती देतं. आपल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीच्या जवळजवळ तिप्पट, आणि ओढायचं वजन चालकासकट दीड क्विंटलच्या आसपास.

या इंजिनानं माझ्या जावयाचा मोठा अपमान केला. ट्रॅक्टरपासून जनरेटरपर्यंत कुठलंही इंजिन डोळे मिटून खोलणारा हा माणूस, आणि या इंजिनाला सील! कुणी आतून कलाकुसर करून जास्त ताकद काढू नये, सगळ्यांना सारखं मिळावं, म्हणून कंपनीच्या मान्यताप्राप्त केंद्राशिवाय ते कुणी उघडायचं नाही. नियम न्याय्य आहे. पण पहिल्या दिवशी तो त्या सीलभोवती असा फिरत होता, जसा हलवायाच्या बंद दुकानाभोवती भुकेला माणूस. मग त्यानं आपली बुद्धी इतरत्र लावली. टायरमधली हवा, कार्ब्युरेटरचं जेट, मागची दातेरी चकती. शिवाय पोरगा अंगानं हडकुळा. कार्ट आणि चालक मिळून ठरलेलं किमान वजन भरावं लागतं, शर्यत संपली की थेट काट्यावर. कमी भरलं तर बाद. म्हणून जावयानं शिशाच्या पट्ट्या ओतून सीटला बोल्टनं आवळल्या. आमच्याकडे पोरानं खात नाही म्हणून बोलणी खाल्ली, आणि तिकडे त्याच्या पाठीला शिसं बांधलं गेलं.

आता त्या रविवारची गोष्ट. जागेचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. आम्ही शुक्रवारी रात्री पिकअपमध्ये कार्ट घालून निघालो. शनिवारी सराव. रविवारी अंतिम शर्यत, चौदा पोरं, आमचा नववा. एका संघाच्या माणसानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आला तर पुढच्या फेरीचे टायर आमच्याकडून. टायर म्हणजे या खेळातलं खरं दुखणं. ते मऊ असतात, झिजतात, आणि नव्या टायरवर जो वेळ येतो तो जुन्यावर येत नाही.

झेंडा पडला आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. एवढ्या आवाजात कुणाला काही सांगता येत नाही. कुस्तीत वस्ताद ओरडून डाव सांगतो, क्रिकेटमध्ये पाणी घेऊन जाणाऱ्याबरोबर निरोप धाडता येतो. इथं पोरगं एकटं. जावई वळणाजवळच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. पोरगा नवव्याचा सहावा झाला, सहाव्याचा चौथा. शेवटच्या फेरीत त्याच वळणावर आत घुसला, पुढच्याला जरा लागला, आणि तिसरा आला. जावयानं मला उचललंच.

कार्टच्या पुढं प्लास्टिकचा एक बंपर असतो. तो मुद्दाम असा बसवतात, की दुसऱ्याला धडक दिली तर आत सरकावा. शर्यतीनंतर तो आत सरकलेला दिसला तर पाच सेकंदांचा दंड. आमचा सरकलेला होता. पाच सेकंद वाढवले आणि तिसरा पोरगा आठवा झाला. टायर गेले.

जावई तक्रार दाखल करायला निघाला. त्याचं म्हणणं, पकडच सैल होती, धक्का नव्हताच. मुलानं हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "अब्बू, धक्का लागला. मी ब्रेक उशिरा मारला." बस्स. जावई तिथंच थांबला. नगरजवळ चहाला उतरेपर्यंत पिकअपमध्ये कुणी बोललं नाही. तिथंही चहाच मागवला फक्त.

या खेळात बापांच्या कहाण्या फार. लुईस हॅमिल्टन आठव्या वर्षी कार्टमध्ये बसला तेव्हा त्याच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक कामं करून खर्च भागवला. २००८ साली पोरगा जगज्जेता झाला. मायकेल शूमाकरचे वडील जर्मनीतल्या केर्पेन गावचा कार्ट ट्रॅक सांभाळायचे, आई तिथंच खानावळीत काम करायची. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडलेल्या तिघांपैकी एक होता. डिसेंबर २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. कोल्हापुरात मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक उभारला, कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. ही नावं जावयाला पाठ आहेत. जे बाप घरदार विकून शेवटी परत गॅरेजला लागले, त्यांची नावं कुणी पाठ करत नाही.

मला मात्र त्या रात्री माझे आजोबा आठवत होते, आईचे वडील, भोकरदनकडचे. त्यांना शंकरपटाचं वेड. हलकी छकडी, दोन खोंडं, सरळ रस्ता, आणि घड्याळ. काही सेकंदांत सारं आटोपतं. मी बाराएक वर्षांचा असताना त्यांनी मला एकदा सरावाला छकडीवर बसवलं. खोंडं सुसाट सुटली, पुढं रस्ता संपला, खोंडं थांबेनात, आणि मी कपाशीच्या शेतात. आजोबा धावत आले, आधी बैल पाहिले, मग मला पाहिलं. म्हणाले, "पळवायला काय लागतं? बैल पळतातच. थांबवता आलं पाहिजे." पुन्हा त्यांनी मला छकडीवर बसवलं नाही, आणि मला खरं तर फार बरं वाटलं. मला कधी बसायचंच नव्हतं. पण तसं म्हणता आलं नव्हतं.

पुढे या बैलांवरून देशात केवढा खल झाला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला, तो अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. अटी आल्या, काठी नको, चाबूक नको, आर टोचायची नाही. बैलाला वेदना होते का, त्याला धावायचं असतं का, यावर मोठमोठे वकील बोलले. बैलाला विचारता येत नाही, म्हणून बोलावं लागलं. आमच्या पोराला विचारता येत होतं, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं. त्या बरगड्यांच्या गहजबानंतर दोन-तीन दिवसांनी, मोती तलावाच्या काठावर. "बेटा, तुला हे आवडतं का? खरं सांग, अब्बूला सांगणार नाही." तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता नाही म्हणेल, आणि खरं सांगतो, मला तेच हवं होतं. मे २०१४ माझ्याही घरात यावा असं वाटत होतं. समृद्धी महामार्ग आमच्या उशाशी आहे. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ बस जळून पंचवीस माणसं गेली, तेव्हापासून वेग या शब्दाचीच नानीला धास्ती आहे.

पण तो म्हणाला, "आवडतं, नाना. पावसात चालवायला सगळ्यात जास्त आवडतं. तेव्हा सगळे हळू होतात, मी नाही होत." मग थोड्या वेळानं म्हणाला, "फक्त त्या वळणावर अब्बू कुंपणाला धरून उभे असतात ना. ते दिसले की मी ब्रेक उशिरा मारतो."

सांगणार नाही असा शब्द दिला होता. तो मी मोडला. रात्री गॅरेजमध्ये गेलो आणि जावयाला जसंच्या तसं सांगितलं. तो कुठल्याशा जीपखाली आडवा होता. बाहेर आला नाही. खालूनच म्हणाला, "मामू, तेरा नंबरचा पाना द्या." मी चुकून बारा नंबरचा दिला. त्यानं तोच घेऊन काहीतरी आवळल्यासारखं केलं.

पुढच्या फेरीला आम्ही पुन्हा गेलो. टायर जुनेच. झेंडा पडायच्या आधी जावयानं पोराच्या हेल्मेटवर टपली मारली आणि निघाला. मी कुंपणाकडे पाहिलं, तो तिथं नव्हता. शोधत गेलो तर वाहनतळावर पिकअपमध्ये बसला होता, ट्रॅककडे पाठ, काचा खाली. मी शेजारी बसलो. चौदा इंजिनं एकदम किंचाळत होती, मला सगळी सारखीच. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि दर फेरीला एका ठिकाणी हाताचं एक बोट उचलायचा.

"काय रे?" मी विचारलं.

"वळण," तो म्हणाला. "आता ब्रेक मारला त्यानं. वेळेवर."

पोरगा सहावा आला. बंपर जागच्या जागी होता.