चाव्या सगळ्यांच्या हाती
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पाच मिनिटंच दिली आहेत, तेव्हा नमनाला घडाभर तेल घालत नाही.

आपल्या ऑफिसातला हिशेबाचा प्रोग्रॅम तुम्ही पाहिलाय. माऊस चालत नाही, सगळं कीबोर्डवर. जुने खजिनदार काका न बघता बिलं काढायचे. ते आजारी पडले आणि दोन महिने बिलंच निघाली नाहीत. तलासरीला नोकरी करणाऱ्या आपल्या एका ताईंना कर्जासाठी थकबाकी नसल्याचा दाखला हवा होता. तोही कोणाला काढता येईना. समोर काळा स्क्रीन आणि लुकलुकणारी रेघ! चाव्या एकाच्याच कनवटीला असल्या की सहकार नावापुरता उरतो, हे तेव्हा कळलं.

मी म्हणालो, हे टाकून नवीन घेऊ. काका म्हणाले, "अरे, कीबोर्डने काम भराभर होतं. कुठलं बटण कशाचं ते दिसत नाही, एवढाच दोष." पटलं. पूर्वीच्या वर्डस्टारमध्ये बटणांची यादी स्क्रीनवर वरच दिसायची. सवय झाली की ती बंद करता यायची. नवख्याची सोय आणि जाणत्याचा वेग, दोन्ही.

प्रोग्रॅम बदलणं आपल्या हातात नव्हतं. म्हणून काकांना विचारून मराठी तक्ता केला: पावती, बिल, दाखला, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, 'चुकलं तर मागे कसं यायचं'. भीती तिथेच असते हो!

नोटिसांसाठी इनस्क्रिप्ट शिकलो. हा कीबोर्ड 1986 साली प्रमाण ठरला. स्वर-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'क'च्या बटणावर शिफ्ट धरली की 'ख', 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ'. म्हणजे शाळेत क-ख-ग-घ घोकलेल्याला अर्धा कीबोर्ड आधीच येतो. शिवाय भाषा बदलली की त्याच बटणांवर गुजराती उमटतं. आपल्या डहाणूत, गुजरातच्या वेशीवर, ही केवढी सोय! आता नोटीस दोन्ही भाषांत लागते.

आज चार जणांना बिल काढता येतं, त्यात दोन आजी आहेत. पुढच्या वर्षी प्रत्येक मजल्यावर एक तरी जण हवा. रविवारी संध्याकाळी ऑफिस उघडं असतं. या, बसा, चुका करा. मागे यायचं बटण तक्त्यावर आहेच.