उद्यान आणि तलाव



नगराला उद्यान हवे, याविषयी दुमत नाही. ते कशासाठी हवे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. कुंपण, कारंजे, हिरवळ आणि सिमेंटची वाट एवढ्यावरच आपली कल्पना थांबते. गोंदियाच्या वैशाखात ही हिरवळ पाणी मागते आणि सावली देत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील नवेगावबांध पाहा. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात हा तलाव बांधला, तो भातशेतीसाठी. पुढे पाण्यामागून पक्षी आले, वन राखले गेले आणि १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आज मामा तलावांचे 'सौंदर्यीकरण' होते. भोवती भिंत उभारली की पावसाचे पाणीच बाहेर अडते! आराखडा करणाऱ्याने आधी येवा व सांडवा पाहावा. काठालगत आंबा, मोह, अर्जुन लावावेत; वृद्धांसाठी पार बांधावा. एक काठ उथळ, चिखलाचा आणि दिव्यांविना राहू द्यावा. महाराष्ट्रातील सारस मुख्यत्वे याच जिल्ह्यात उरले आहेत आणि त्यांना असेच काठ लागतात. असा प्रस्ताव गावापुढे येईल, तेव्हा नागरिकांनी प्रथम येव्याचा नकाशा मागावा, ही माझी विनंती आहे.